अंगठा, आबा आणि पांढरा रस्सा

खानदेशातून परत आल्यापासून आमच्या सांगलीच्या गल्लीत जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी म्हणतो, तापी पाहिली, सातपुडा पाहिला, केळीच्या बागा पाहिल्या. यात खोटं काही नाही. फक्त त्यातलं निम्मं मी बसून पाहिलं आणि उरलेलं आडवं पडून. सहा दिवसांतले तीन दिवस मी स्वतःच्या पायांनी हिंडलो. पुढचे तीन दिवस माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याने मला जिथे ठेवलं तिथे राहिलो.

तेव्हा आधी या अंगठ्याची ओळख करून द्यायला हवी. मी कॉलेजात एकतीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर यूरिक अ‍ॅसिड काढायचो आणि मुलांना सांगायचो की, शरीरात जुन्या पेशी मोडतात, खाल्लेलं मटण-मासळी पचतं, आणि त्यातून जी राख उरते तिच्यातली ही एक. मूत्रपिंडं ती धुऊन बाहेर टाकतात. धुणं कमी पडलं की ती रक्तात साचते आणि अंगातला थंड कोपरा शोधून तिथे खडे धरते, काकवीच्या बरणीच्या तळाला साखर धरते तशी. हृदयापासून लांब, थंड कोपरा म्हणजे पायाचा अंगठा. खडे तरी कसले, सुयाच. त्या कधी कधी वर्षानुवर्षं गप्प बसतात. मग एखाद्या दिवशी गस्तीवरची पांढरी पेशी एक सुई गिळते. ती काही तिला पचत नाही, म्हणून ती बोंब ठोकते, आणि त्या बोंबेने आणखी हजारो पेशी धावून येतात. जंतू एक नाही, शत्रू कोणी नाही, तरी सगळी फौज हजर. अंगठा लाल होतो, सुजतो, तापतो. याला गाऊट म्हणतात. वर्गात हे सांगताना मी हसायचो. निवृत्त झाल्यावर मला तो दोनदा झाला. दोन्ही वेळा मी लोकांना ठेच लागली म्हणून सांगितलं. खरं काय ते फक्त माझ्या बायकोला, मंदाला ठाऊक.

आता प्रवासाचं कारण. आमची केतकी पुण्यात नोकरी करते. तिने तिथेच सागर नावाचा मुलगा पसंत केला. तो शिरपूरकडचा, शेतकरी घरातला, स्वभावाने गरीब. मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "आम्ही पत्रिका पाहत नाही. मी रक्त पाहतो." बिचाऱ्याने निमूट जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं उत्तम, फक्त यूरिक अ‍ॅसिड रेघेच्या किंचित वर. मी सवयीने खिशातलं लाल पेन काढलं, त्या आकड्याभोवती गोल केला, शेजारी लिहिलं, "घराण्यात कोणाला?", आणि त्या कागदाचा फोटो त्याच्या वडिलांना फोनवर पाठवला. दोन दिवसांनी एका शब्दाचं उत्तर आलं, "नाही." केतकीने मला एवढंच विचारलं होतं, "बाबा, तुमचं किती आहे?" मी म्हणालो, "माझं लग्न ठरायचं नाहीये."

मग त्यांचं घर पाहायला या, सगळं पटलं तर तिथेच सुपारी फोडू, असं आमंत्रण आलं. निघताना मंदाने गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "व्याह्याच्या घरी जेवणाआधी गोळ्या काढून बसू? त्यांनी विचारलं तर?" पट्टी सांगलीतच राहिली. रोजची ही गोळी अशी मधेच सोडू नये, हे मी स्वतः डझनभर शेजाऱ्यांना सांगितलेलं आहे.

जामनेर

पहिला मुक्काम सागरच्या आत्याकडे, जामनेरला. शाळेत शिकवतात, साऱ्या घरादाराच्या अक्का. थंडीचे दिवस, म्हणजे भरिताचे दिवस, तेव्हा जळगाव स्टेशनवरून त्यांनी आम्हाला थेट शेतावर नेलं. वाटेत दोन्हीकडे केळी. आमच्याकडे ऊस माणसाला गिळून टाकतो, इथे केळी छत्री धरल्यासारखी वर उभी असते आणि खाली ओलसर सावली असते. मंदाला ती इतकी आवडली की ती गाडीतून उतरून दोन ओळी आत चालून आली आणि साडीला केळीच्या चिकाचे डाग लावून घेतले. ते जात नाहीत, असं अक्कांनी डाग पडल्यावर सांगितलं.

भरिताची वांगी आमच्या कृष्णाकाठच्या वांग्यांसारखी नव्हतीच. हिरवी, पांढुरकी, एकेक तान्ह्या बाळाएवढं. कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात ती काळी होईपर्यंत भाजली, सोलली आणि लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली. वरून तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी.

"यात काय काय?" मी विचारलं.

"ज्वारी आणि सालासकट उडीद, एकत्र दळलेलं," अक्का म्हणाल्या.

माझ्या डॉक्टरांनी उडीद जपून खा म्हणून सांगितलेलं. पण डाळींचा दोष मटणाइतका नसतो, असंही मी कुठेतरी वाचलं होतं. माझ्या सोयीचं असतं ते मी फार लक्ष देऊन वाचतो. दोन भाकऱ्या झाल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, "अक्का, या भाकरीतला कोंडा आपल्याला पचत नाही. तो आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला जातो. ते तो खातात आणि जे टाकून देतात ना, त्याने आपल्या पांढऱ्या पेशी शांत राहतात. शरीरातली गंमत बघा, एका उरल्यासुरल्या मालाने आग लागते आणि दुसऱ्याने ती निवते."

"म्हणजे जंतूंचं उष्टं खाऊन आपण थंड राहतो?"

"साधारण तसंच."

"मग आणखी एक घ्या," असं म्हणून त्यांनी तिसरी वाढली.

इथे एक रीत सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. आमच्याकडे पाहुणा दोनदा "नको" म्हणतो ते लाजून, आणि तिसऱ्यांदा म्हणतो ते खरं. यजमान तिसऱ्या "नको"ला पळी मागे घेतो. खानदेशात "नको" हा शब्द जेवणाऱ्याने दम खायला उच्चारायचा असतो. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. आणि पाहुण्याने ताटात काही टाकलं, तर तो भरल्या पोटाचा नाही, स्वयंपाकाचा दोष धरतात. पुढच्या जेवणाला काहीतरी वेगळं, आणखी भारी करायचं, हे ठरलेलं.

निघताना अक्का मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण तुमचा तो लाल गोल आला तेव्हा माझा भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. म्हणायचा, पत्रिका असती तर गुरुजींना सांगून जुळवून घेतली असती, रक्त कसं जुळवू?" हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. मी उगाच केळीच्या घडांकडे बघत राहिलो.

धुळ्यावरून शिरपूर

दुसऱ्या दिवशी सागरचे वडील गाडी घेऊन आले. भास्करभाऊ. दरवाजाएवढे रुंद, आवाज मात्र मऊ. चोपड्यावरून जवळ पडलं असतं, पण त्यांना धुळ्यात काळा मसाला घ्यायचा होता आणि तो ठरावीक दुकानातूनच. तिथे त्यांनी मसाला हुंगायला माझ्या नाकाशी धरला. मला सात शिंका आल्या आणि दुकानदार म्हणाला, "म्हणजे ताजा आहे." तापीच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली आणि रुंद, संथ पाणी दाखवलं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. इतकी सपाट जमीन आणि तिच्या टोकाला एकदम डोंगर, हे आम्हा कृष्णाकाठच्या माणसांना नवीन. मी दिवसभरात पाणी मात्र दोन पेले प्यालो, कारण परक्या गाडीत सारखं थांबवायचा संकोच.

गाव शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. घर मोठं, नवं. उंबऱ्यापाशी चपलांची रांग. त्यांत एक जुना जोड होता, उजव्या चपलेला अंगठ्याच्या जागी भलं मोठं भोक. मी मंदाच्या कानात म्हटलं, "एवढं घर आणि चपला बघ."

"फाटलेली नाही ती, कापलेली दिसते," मंदा म्हणाली.

"चपला कोण कशाला कापेल?" असं मी म्हणालो. एकतीस वर्षं शिकवलेला माणूस!

ओसरीवर बाजेवर सागरचे आजोबा बसले होते. आबा. पांढरा सदरा, टोपी, कमरेपासून खाली घोंगडी. त्यांनी बसल्याबसल्याच हात जोडले. "या गुरुजी. मी उठस नही, वय व्हई गयं." मला ते जरा खटकलं. व्याह्याच्या घरी पहिलं पाऊल, आणि घरातलं वडीलधारं माणूस उठत नाही. पण मीही पाय चेपत बसणाऱ्यांपैकी, सोडून दिलं.

संध्याकाळी काळ्या मसाल्याचं मटण. रंग अमावास्येचा, वास असा की पोटातली भूक उठून बसावी. सोबत घोटलेली उडदाची डाळ. मी मनाला लगाम घातला. चार तुकडे खाल्ले, कलेजी बाजूला सारली, डाळ अर्धी टाकली. सागरच्या आई, प्रमिलाताई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"तुमले आवडनं नही का?" त्या न राहवून आपल्या बोलीतच बोलून गेल्या.

"छे छे! फार सुंदर."

आतून कुजबुज ऐकू आली. "पाहुणा कमी जेवना. मीठ कमी पडनं व्हई." मग भास्करभाऊंचा आवाज, "नही, त्यासले त्यासनाकडलं मटण लागस." त्यांना आमच्याकडचं मटण लागतं, असा निष्कर्ष निघाला. मी हसलो आणि झोपलो. हसायला नको होतं.

पांढरा रस्सा

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मागच्या अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढलेलं. भास्करभाऊ फोन हातात धरून त्यातलं बघून बघून सूचना देत होते. दुपारी पान वाढलं, त्यांनी स्वतः वाटी आणून माझ्यापुढे ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

"सर, तुमच्याकडचा पांढरा रस्सा. आमच्या गावात पहिल्यांदाच झालाय."

दारात शेजारच्या चार बायका बघायला आलेल्या. रस्सा पांढरा नव्हता. प्रमिलाताईंना नुसतं पांढरं काही चुलीवरून उतरवणं जिवावर आलं असावं, त्यांनी चिमूटभर काळा मसाला घातलाच होता. रंग राखाडी झाला होता. पण माझं लक्ष रंगाकडे नव्हतं. हाडं आणि पाय तीन तास उकळून काढलेला तो अर्क, माझ्या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात माझ्यासारख्याने काय खाऊ नये याच्या यादीत पहिल्या ओळीत बसला असता. मंदाने ताटाखालून माझ्या गुडघ्याला चिमटा काढला. मी भास्करभाऊंकडे पाहिलं. दोन दिवस न जेवलेला तो माणूस. माझ्या लाल गोलाने न जेवलेला.

मी वाटी तोंडाला लावली. चांगला होता हो! आमच्याकडच्यासारखा मुळीच नव्हता, पण चांगला होता. दुसरी वाटी घेतली. तिसरी त्यांनी न विचारता ओतली. समोर आबाही जेवत होते. त्यांच्या हातात वाटी दिली, तेव्हा त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा भास्करभाऊंकडे पाहिलं. भास्करभाऊंनी हळूच मान हलवली. आबांनी डोळे मिटले आणि काढा प्यावा तसा रस्सा घटाघटा पिऊन टाकला, पाठोपाठ दुसरी वाटीही. म्हाताऱ्याला नवीन चव झेपत नसेल, असं मला वाटलं.

ठरलं असं की चौथ्या दिवशी सकाळी सुपारी फोडायची. त्याआधी या गावची एक रीत. मुलीच्या बापाने भाऊबंदांच्या घरोघरी चालत जाऊन चहा घ्यायचा. सात घरं. बाप उंबरा ओलांडून आला म्हणजे त्याला स्थळ मान्य. न आला तर काही बोलायचं कारण उरत नाही.

एक पाय बाहेर

चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती गोधडीचं टोक अंगठ्यावर पडल्याने. गोधडीला वजन किती असतं? मला त्या सकाळी कळलं. कोणी दारातून चालत गेलं तरी फरशीचा हादरा अंगठ्यापर्यंत पोचत होता. मी गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि उजवा पाय तेवढा बाहेर काढून ठेवला. कडाक्याची थंडी, पण त्याला वाऱ्याखेरीज काही चालत नव्हतं.

मंदा म्हणाली, "सांगून टाका."

"काय सांगू? त्यांच्या मुलाच्या रक्तावर लाल गोल करणाऱ्याने काय सांगू? आता यांना काय तोंड दाखवू?"

"मग मी सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस. दगदग झाली म्हण."

तिने जाऊन तसं सांगितलं. थोड्या वेळाने भास्करभाऊ दारात आले. नवं धोतर, नवी टोपी. आत आले नाहीत.

"सर, आमचं काही चुकलं का?"

"नाही हो, जरा पडतो."

"सात घरी आधण ठेवलंय."

"बघू... थोड्या वेळाने."

ते गेले. अंगणातला आवाज कमी झाला. कोणीतरी कपबश्या परत ठेवल्याचा आवाज आला. मग माझा फोन वाजला, केतकीचा.

"बाबा, काय केलंत तुम्ही? सागरला त्याच्या बाबांचा फोन आला होता. सर घरी यायला नाही म्हणताहेत, म्हणजे त्यांचा नकार आहे, आपण समजून घ्यायचं, तू त्या मुलीला त्रास देऊ नकोस, असं सांगत होते. बाबा, ते रडत होते."

"अगं, ऐक तरी..."

"तुम्हाला नको असेल तर मला सरळ सांगा. त्या माणसांना कशाला छळता?" तिने फोन ठेवला.

मला लाज वाटली. एवढीशी गोष्ट, दोन शब्दांची, मला गाऊट आहे, ती मी गिळली आणि तिच्यापायी एक आख्खं घर सुजलं होतं. फळ्यावर इतकी वर्षं काढलेलं चित्र मी अंगणात उभं केलं होतं. शत्रू कोणी नव्हता आणि सगळे घायाळ होते. लंगडत का होईना, बाहेर जाऊन सांगायचं, असं ठरवून मी पाय जमिनीला टेकवला आणि किंचाळून परत आडवा झालो.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. ठक, थांबा. ठक, थांबा. आबा दारात. भिंतीला धरून ते आत आले, माझ्या खाटेच्या कडेला टेकले आणि माझ्या बाहेर काढलेल्या पायाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"गुरुजी, एवढी थंडीमा एक पाय बाहेर काढीसन कोन झोपस?"

मी गोधडी पायावर ओढायला गेलो, पण अर्ध्यावरच सोडली.

"चादर बी जड लागस ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. तो ज्याला झालाय त्यालाच सुचतो. मग माझी नजर खाली गेली. त्यांच्या पायात तीच भोक पाडलेली चप्पल होती, आणि भोकातून बाहेर आलेला अंगठा माझ्याहून लाल होता.

"आबा! तुम्हालाही?"

"मना आंगठाले बारा वरीस व्हई ग्यात." त्यांनी हळूच दाराकडे पाहिलं. "डाक्टरनी मटण बंद करं. पन तुमना कागद उना. 'घराण्यात कोणाला?' भास्कर घाबरना. माले म्हने, आबा, चार दिन पाय झाकी ठेवा, आनि पाहुणासमोर ताटमा येई ते बठ्ठं खावा, नहीतं त्यासले संशय येई."

"म्हणून काल तो रस्सा..."

"पिन्हा. दोन वाट्या." आबांनी कपाळाला हात लावला. "काय भयानक व्हता हो!"

मला हसू फुटलं. अंगठ्याला हादरा बसू नये म्हणून दाबायला गेलो, तर जास्तच आलं. आबाही हसू लागले, आणि हसता हसता दोघेही "आई गं, आई गं" करू लागलो. मंदाने आत डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

हसू ओसरल्यावर आबा गंभीर झाले. आवाज चढवला नाही, पण माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "आमना पोऱ्याना रिपोर्ट तुम्हीन मांगा, आम्हीन दिन्हा. तुमना आम्हीन मांगा का?"

मी हात जोडले.

आबांनी काठी आपटली. "भास्कर! आठे ये! पाहुणाले राग नही उना! मना आंगठासारखाच आंगठा शे!"

भास्करभाऊ धावत आले. दोन पाय पाहिले, दोन अंगठे पाहिले. समजायला त्यांना क्षणभर लागला. मग ते खाली जमिनीवरच बसले. "सर, आम्ही तुम्हाला 'नाही' असं खोटं लिहिलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, मी तर काही लिहिलंच नाही." त्यांनी माझा हात घट्ट धरला. हातच धरला, पायाकडे ते गेलेही नाहीत, यावरून त्या घरात बारा वर्षांचा अनुभव आहे हे कळलं.

सात घरांचं काय, हा प्रश्न प्रमिलाताईंनी सोडवला. मला घरोघरी नेता येत नव्हतं, म्हणून घरंच माझ्याकडे आली. एका खोलीत दोन खाटा शेजारी शेजारी, दोघांचे पाय उशीवर. सात घरच्या बायका आपापल्या किटल्या घेऊन रांगेने आल्या आणि मी एकाच जागी बसून सात उंबऱ्यांचा चहा घेतला. आबांनीही घेतला, सोबत म्हणून. दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर सुपारी ठेवून ती फोडली. तिचा एक तुकडा उडून आबांच्या अंगठ्याजवळ पडला तेव्हा अख्ख्या खोलीने श्वास रोखला. मी लगेच केतकीला फोन लावला. "सुपारी फुटली," एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पाय कसा आहे?" मंदाने आधीच कळवलं होतं.

दुपारी भास्करभाऊ आम्हा दोघांना एकाच गाडीच्या मागच्या सीटवर आडवे-तिडवे बसवून शिरपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी एक अंगठा पाहिला, मग दुसरा, आणि विचारलं, "काल जेवायला काय होतं?" दोघांनी एकदमच सांगितलं. गोळ्या, बर्फ, भरपूर पाणी आणि रक्ताची तपासणी. ऐन दुखण्यात रक्तातला आकडा कधी कधी साळसूदपणे खाली उतरतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जरा आशेवर होतो. माझा उतरला नव्हता. आबांपेक्षा वर होता. आबा कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीन पयला नंबर!"

पाचव्या दिवशी आम्ही दोघे ओसरीवर बाजेवर पडून सातपुडा पाहिला. बिनतेलाची शेवग्याच्या पानांची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. वाढताना प्रमिलाताई विचारत होत्या, "आणखी?" मी "नको" म्हटलं, आणि त्या थांबल्या. खानदेशात एकदा म्हटलेलं "नको" ऐकलं गेल्याचा तो प्रसंग मी विसरणार नाही.

चाळीसगाव, मग पुणे

परतीची गाडी चाळीसगावहून. सहाव्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला माझा बूट काही केल्या पायात जाईना. आबांनी आपला दुसरा जोड आणायला सांगितला. नवाच होता, पण उजव्या चपलेला भोक तयार. "दर दिवाळीले दोन जोड लेस, एक कापी ठेवस," ते म्हणाले. दोघांचं माप एकच निघालं. मी तो घालून चाळीसगावच्या फलाटावर उभा राहिलो, तर चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळे आधी माझ्या पायाकडे पाहायचे आणि मग मला बसायला जागा करून द्यायचे.

पुण्याला गाडी जरा वेळ थांबते. केतकी फलाटावर आली होती, ती थेट डब्यात चढली. माझ्याशी एक शब्द न बोलता तिने आधी आईला मिठी मारली, मग खाली वाकून चपलेच्या भोकातून डोकावणाऱ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"काय?"

"तुमचा रिपोर्ट."

मी दिला. तिने माझ्या खिशातलं लाल पेन काढलं, खिडकीच्या कडेवर कागद टेकवला आणि आकड्याभोवती गोल केला, मी सागरच्या आकड्याभोवती केला होता त्याच्या दुप्पट मोठा. शेजारी अगदी माझ्यासारख्या अक्षरात लिहिलं, "घराण्यात कोणाला?" आणि कागद, पेन दोन्ही माझ्यापुढे धरलं. गाडी हलायच्या बेतात होती. मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "मला."